काचेची होडी

३ मार्च

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. घरी फोन करायचा सोडून तुझ्या तरण तलावाच्या पत्त्यावर पत्र का, तर आईमुळे. मी घरात पाऊल टाकलं की माझा फोन तिच्या हातात. सगळे निरोप वाचते, कुणाला फोन केले तेही तपासते आणि वर जेवताना त्यांवर मत देते. तिच्यापासून काही लपवायचं तर कागद-पेनाला पर्याय नाही. तूही उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानावरच पाठव.

आता ऐक. वीस मेला आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मी जहाजाची सहल ठरवलीय. दहा मजली जहाज, सहा दिवस, आणि दोघांना आधी काडीचाही पत्ता लागू द्यायचा नाही. मित्राच्या मुलीचं लग्न आहे, बंदराच्या गावी जायचंय, अशी थाप मारलीय. आईने त्या न जन्मलेल्या मुलीचं स्थळ कसं आहे याचीसुद्धा चौकशी सुरू केलीय. सगळं घर पहिल्यांदाच एकत्र कुठेतरी जाणार, या विचाराने मला दुकानात बसवत नाही.

खरी गंमत चौथ्या दिवशी आहे. जहाज एका बेटाजवळ थांबतं. तिथे एक होडी असते, तिच्या पोटात उतरून बसायचं. चारी बाजूंना काचा, बाहेर पाणी. आई-आप्पा आत बसणार आणि काचेपलीकडून त्यांची दोन्ही नातवंडं तोंडाला मास्क नि नळी लावून पोहत जाणार. चाळीस वर्षं आप्पा क्रेनच्या केबिनमध्ये बसून वरून खाली बघत राहिले. एकदा त्यांनी खालून वर बघावं आणि वर आपली माणसं दिसावीत, एवढंच माझ्या मनात आहे. त्यांचा डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याचं ऑपरेशन झालं तरी आतला पडदा टिकणार नाही, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. फार तर वर्षभर. म्हणून यंदाच.

तेव्हा सुट्टीत मुलांना तुझ्याकडे पाठवतो. त्यांना स्नॉर्कलिंग शिकव, पण कशासाठी ते सांगू नकोस. बांबू अकरा वर्षांचा आहे, त्याची चिंता नाही. भिंगरी आठची. जमिनीवर एका जागी ठरत नाही आणि केस धुताना घर डोक्यावर घेते. तिचं तू बघ.

तुझा,
शेंडेफळ

९ मार्च

शेंडेफळा,

तुझं पत्र आमच्या व्यवस्थापकांनी दोन बोटांत धरून माझ्या हाती दिलं, कोर्टाची नोटीस असल्यासारखं. वाचून मी तिथेच, ओल्या फरशीवर, हसत सुटले. लहानपणी तुला खिशातली गोळी लपवता यायची नाही, आणि आता दहा मजली जहाज लपवायला निघालास!

आप्पांच्या डोळ्याचं वाचून मात्र हसू मावळलं. हे एकट्याने उरावर घेऊन हिंडतोस होय? मला आधी सांगायचं होतंस.

मुलांना पाठव. फक्त माझा एक नियम आहे तो आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुरकुर नको. खोल पाण्यात, कठड्याला हात न लावता, नळीत शिरलेलं पाणी फुंकून बाहेर टाकायचं आणि श्वास चालू ठेवायचा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा जमलं, की मी म्हणते, याला येतं. एकदा जमलं ते नशीब, दुसऱ्यांदा जमलं तो उत्साह. तिसऱ्यांदा जमतं तेव्हा ते अंगात उतरलेलं असतं. एकोणीस वर्षांत मी कुणासाठी हा नियम वाकवलेला नाही, आणि भाचरं आहेत म्हणून तर मुळीच नाही.

मी आजच रजेचा अर्ज टाकला, अठरा ते सव्वीस मे. चार वर्षांतली पहिली रजा. व्यवस्थापकांनी कारण विचारलं. म्हटलं, एकोणीस वर्षांत पाण्याखाली मी फरश्या बघितल्या, केसांचे बोळे बघितले, एक कवळी आणि एक लग्नाची अंगठी बघितली. मासा एकही बघितला नाही. तो बघायला चाललेय. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

मला वरची झोपायची जागा चालेल. भिंगरीला माझ्याजवळ दे, ती लाथा मारते ते मला सोसतं.

ताई

२६ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. दुकानात शाळांच्या डोळे-तपासणीची गर्दी होती.

दोन मास्क वेगळ्या पार्सलने पाठवलेत. बांबूच्या मास्कला मी स्वतः त्याच्या नंबरच्या काचा बसवल्या. भिंगरीचा चेहरा अरुंद आहे, म्हणून तिला रबर मऊ असलेला घेतला. नाकाच्या बाजूने हवा जात नाही ना, तेवढं बघ.

जहाजवाल्यांचा एक नियम कळला. बारा वर्षांखालच्या मुलांना पाण्यात उतरायचं तर शिक्षकाचं पत्र लागतं. मुलाला खोल पाण्यात नळीने श्वास घेता येतो असं त्यात हवं, खाली परवान्याचा नंबर आणि शिक्का. शिक्षक घरचाच असल्यावर आपल्याला काय काळजी! पाच मेपर्यंत दोघांची पत्रं दे.

आता एक जरा अवघड. खोल्यांचं आरक्षण मी जानेवारीतच केलं होतं. एक खोली चार जणांची, एक दोघांची. ‘सगळं घर’ मी लिहिलं ते त्या अर्थाने. तुझ्या मनात तसं काही येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता चौकशी केली, तर जहाज भरलंय. बायको म्हणाली, ताईंना पाण्याचं काय कौतुक, रोज पाण्यातच तर असतात. तेही खरंच आहे म्हणा. तू मोठी आहेस, समजून घेशील. आम्ही खूप फोटो काढू.

तुझा,
शेंडेफळ

३१ मार्च

शेंडेफळा,

समजलं. सगळं घर म्हणजे सहा माणसं. मोजायला मीच चुकले.

रजेचा अर्ज परत घेतला. या वेळी व्यवस्थापकांनी कारण विचारलं नाही, भले गृहस्थ आहेत.

एकदाच बोलते, पुन्हा बोलणार नाही. जहाजावर जागा नाही याचं मला काही वाटलं नाही. आरक्षण जानेवारीतलं, आणि मार्चच्या पत्रात तू ते लिहिलं नाहीस, याचं वाटलं. गरज सरो वैद्य मरो असं म्हणतात. इथे तर औषध सुरू व्हायच्या आधीच वैद्याला बाजूला बसवलं. आणि जागा भरली हे तुला माझं पत्र आल्यावर कळलं, म्हणजे तोवर विचारलंही नव्हतंस.

मुलांना बारा तारखेच्या बसने पाठव. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

ताई

२२ एप्रिल

शेंडेफळा,

मुलं मजेत आहेत. बांबूने सहा दिवसांत तिन्ही वेळा करून दाखवलं. आता तो तळाशी जाऊन माझी शिट्टी उचलून आणतो आणि वर आल्यावर कुणी बघितलं का म्हणून चहूकडे बघतो. अगदी तुझ्यावर गेलाय.

भिंगरीचं सांगते, सविस्तर सांगते, कारण तुला घाई असणार. पहिले चार दिवस तिला तलावावर नेलंच नाही. माझ्या न्हाणीघरात टबात पाणी भरून त्यात तोंड घालायला लावलं. नाक बंद करून तोंडाने श्वास घ्यायचा, एवढी एकच गोष्ट. तिचं नाक तिचं ऐकत नाही. पाणी दिसलं की ते आपोआप आत ओढायला बघतं आणि पोरगी घाबरून मास्क ओरबाडते. मग तिनेच एक युक्ती काढली. नळीतून गुणगुणायचं. गुणगुणणं ऐकू येतंय तोवर श्वास ठीक चाललाय, हे मलाही कळतं. शेजारच्या आजी दारावर थाप मारून विचारून गेल्या, न्हाणीघरात भुंगा शिरलाय का!

आठव्या दिवशी उथळ पाण्यात पालथी तरंगली. काल खोल पाण्यात नळीत पाणी गेलं, आणि तिने ते फुंकून टाकलं. कठड्याला हात न लावता. वर येऊन सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली, “एक झालं! दोन राहिले!” पोहायला आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली तेव्हा झोपेतही तोंडाने श्वास घेत होती.

मला फार बरं वाटतंय हे दिवस. एवढंच लिहिते.

ताई

२६ एप्रिल

ताई,

एकदा जमलं म्हणजे आलंच की! तू पण उगाच ताणतेस. मुलं भराभर शिकतात. आता राहिलेलं दोनदा दोन दिवसांत उरकून टाक आणि दोघांची पत्रं एकाच पाकिटातून पाठव. जहाजवाल्यांनी दोनदा आठवण केलीय.

आप्पांना नवा चष्मा करून दिला. दुकानाच्या पायरीवर उभे राहून समोरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होते, येणारे-जाणारे बघत होते. शेवटी मीच आत बोलावलं. आईने त्या लग्नासाठी नवे कपडे शिवायला घेतलेत. मला भीती वाटते, बंदरावर लग्न नाही म्हटल्यावर ती मलाच समुद्रात ढकलेल.

तुझा,
शेंडेफळ

१ मे

शेंडेफळा,

सोबत बांबूचं पत्र आहे, सही-शिक्क्यानिशी.

भिंगरीचं नाही. दुसऱ्यांदा तिला जमलं नाही. नळीत पाणी गेलं, तिने नाकाने श्वास घेतला, मास्क उपटला आणि माझ्या खांद्यावर, मग डोक्यावर चढली. माझ्या मानेवर तिची नखं उमटलीत. मी तिच्या शेजारी होते म्हणून पाच सेकंदांत मिटलं. परवा पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिला अजून दोन महिने हवेत. येईल तिला, चांगलं येईल, पण या महिन्यात नाही.

तिला आप्पांजवळ त्या काचेच्या होडीत बसव. मांडीवर बसून आजोबांना मासे दाखवेल, दादाला हाका मारेल. तेही काही वाईट दिसणार नाही.

मुलांना तीन तारखेच्या बसने पाठवते. भिंगरीला मी सांगितलंय, तुझं एक झालं, दोन राहिले, पुढच्या सुट्टीत पुरं करू. तिला ते पटलंय. तू तिचं मन मोडू नकोस.

ताई

५ मे

ताई,

तुझं पत्र वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं, गिऱ्हाईक दाराशी उभं असताना.

सरळच बोलतो. तुला जहाजावर घेतलं नाही, त्याचा सूड तू एका आठ वर्षांच्या पोरीवर उगवतेस. बांबूचं पत्र दिलंस, म्हणजे वर म्हणायला मोकळी की मी मदत केली. आणि जिच्यावर आप्पांचा जीव आहे, नेमकं तिचंच अडवून धरलंस. नियम कसला ताई? समुद्रात तिच्यासोबत मी असणार, होडीवाले असणार, बेटापाशी पाणी शांत. दहा मिनिटांचा प्रश्न. तिने काय समुद्र पार करायचाय?

बायको म्हणाली ते मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. ती म्हणाली, ताईंना स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं. मी तिला गप्प केलं. पण मग आईचं आठवलं. तू माझी सायकल नाल्यात टाकलीस तेव्हा आई म्हणाली होती, हिला मिळालं नाही की ही दुसऱ्यालाही मिळू देत नाही. पस्तीस वर्षांत काही बदललेलं नाही.

आप्पांचा डोळा पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणार नाही. तुला ठाऊक आहे, मी फक्त तुलाच सांगितलंय. तरीही तू पुढच्या सुट्टीच्या गोष्टी करतेस.

एका सहीचं काम आहे. जहाजवाल्यांनी बारा तारखेपर्यंत मुदत वाढवून दिलीय. नाही दिलंस तरी आप्पांना मी काही सांगणार नाही. तुझं तू बघ.

९ मे

शेंडेफळा,

सोबत भिंगरीचं पत्र आहे.

तुझं पत्र मी सकाळच्या पहिल्या तासाआधी वाचलं. नंतर बावीस मुलांना शिकवलं, एकाचंही नाव धड आठवेना. मी सूड घेतेय का, हे मी स्वतःला विचारत राहिले. नाही, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता आलं नाही. ‘तिला येत नाही’ असं लिहिताना मला कुठेतरी बरं वाटलं होतं. थोडंसंच, पण वाटलं होतं. ते तू ओळखलंस. तुझी बायको म्हणाली तेही पोहोचलं.

तिला येतं की नाही आणि मला राग आलाय की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं. पण तुझ्या पत्रानंतर मला त्या वेगळ्या करता येईनात. म्हणून सही केली. हिला असूया आहे असं घरात कायमचं बोललं जाण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं.

आता माझं एवढं ऐक. हे पत्र फक्त जहाजवाल्यांच्या फाईलसाठी आहे. तिला येत नाही. तिच्या अंगात तरंगायचं जाकीट हवंच. तिचा हात पूर्ण वेळ तुझ्या हातात हवा. ती गुणगुणायची थांबली की तत्क्षणी वर काढ. आणि ती नको म्हणाली तर नकोच.

आई-आप्पांना माझा नमस्कार सांगता येणार नाही तुला, गुपित आहे ना. राहू दे.

ताई

३० मे

ताई,

तुझे फोन बघितले. घरात बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. आधी हे वाच: भिंगरी घरी आहे, जेवते, शाळेचं दप्तर भरून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले छातीत आता काही नाही.

पहिले तीन दिवस फार छान गेले. बंदरावर जहाज बघून आई खाली बाकावर बसली आणि रडलीच. आप्पांनी जहाजाच्या क्रेन कुठल्या बनावटीच्या आहेत ते सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी बेटापाशी गेलो. आई-आप्पा होडीच्या पोटात उतरले, मी आणि मुलं वर काठाशी थांबलो. शिक्षकाचं पत्र असलेल्या मुलांना तिथे जाकिटाची सक्ती नव्हती. आधी तिला घातलं होतं. पण जाकिटाने ती उभी तरंगली असती, तोंड बाहेरच राहिलं असतं. काचेतून नुसते पाय दिसले असते. म्हणून काढलं. उडी तिनेच मारली, ताई. कुणी ढकललं नाही. मी हात धरला होता. काचेजवळ आल्यावर फोटोसाठी सोडला, एवढंच. तेवढ्यात शेजारून एक मोटरबोट गेली, लाट आली.

मग काय झालं ते मी लिहू शकत नाही. बांबूने तिला धरायचा प्रयत्न केला. होडीवाल्याने तिला बाहेर काढलं तेव्हा ती ढिली पडली होती. एक रात्र जहाजाच्या दवाखान्यात, तीन दिवस बंदरावरच्या इस्पितळात. आप्पांनी सगळं काचेतून बघितलं. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ते आतून काचेवर मुठी आपटत होते, असं आई सांगते. तेव्हापासून ते नवा चष्मा लावत नाहीत. डोळ्यांना त्रास होतो म्हणतात. मी तपासलं, नंबर बरोबर आहे.

आता महत्त्वाचं. जहाजवाल्यांनी चौकशी लावलीय. तुझं पत्र त्यांनी तुमच्या तलावाकडे पाठवलंय. तुला विचारतील. तू एवढंच सांग की तिला नीट येत होतं, ऐन वेळी घाबरली. तेच सगळ्यांच्या भल्याचं आहे. नाहीतर मी जाणूनबुजून पाण्यात उतरवली असा अर्थ निघेल.

घरी आई सारखं विचारते, हिला येतं असं सांगितलं कुणी? मी सांगितलं की तू लिहून दिलं होतंस. खोटं तर नाही ना ते.

शेंडेफळ

९ जून

शेंडेफळा,

ती जेवते आणि दप्तर भरते, हे मी चार वेळा वाचलं. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलं.

तुझं पत्र पोहोचायच्या आदल्याच दिवशी चौकशी झाली. व्यवस्थापक, शहराच्या क्रीडा कचेरीतल्या एक बाई आणि मी. टेबलावर माझंच पत्र, माझाच शिक्का. बाईंनी विचारलं, मुलीला येत होतं? मी म्हटलं, नाही. मग लिहिलंत का? म्हटलं, खोटं लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून? तुझं नाव घेतलं नाही, ते तुझ्यावर उपकार म्हणून नाही. सही माझ्या हाताने झाली होती.

परवाना रद्द झाला. कायमचा. व्यवस्थापकांनी रदबदली करून मला तिकीट खिडकीवर ठेवलंय. आता मी तिकिटं फाडते आणि कपाटांच्या किल्ल्या देते. माझी मुलं खिडकीसमोरून आत जातात, विचारतात, आज तुम्ही का नाही? मी म्हणते, पाय दुखतोय. बघ, आणखी एक खोटं. एकदा सुरुवात झाली की सोपं जातं.

तू माझ्या अटी पाळल्या नाहीस, हे मी तुला सुनावणार होते. पण तुला दोष देऊन मी कुठे सुटते? तू बाप आहेस, चष्मे विकतोस, तुला पाण्यातलं कळत नाही. मला कळत होतं. जिला कळत होतं तिने सही केली, आणि ती कशासाठी? तर भावाने आपल्याला मत्सरी म्हणू नये म्हणून.

आईचा फोन आला होता. एकच वाक्य बोलली, “तू लिहिलंस कशाला गं?” तू तिला माझं नऊ मेचं पत्र दाखवशील, तू माझ्याकडे काय मागितलं होतंस ते सांगशील, अशी मी दोन दिवस वाट बघितली. आता बघत नाही. खापर फोडायला एक डोकं लागतं, माझं तयारच आहे.

आप्पांना चष्म्याचा आग्रह करू नकोस.

एक मात्र मला कळत नाही आणि ते मला खातंय. भिंगरी नको म्हणणारी मुलगी आहे. माझ्याकडे होती ते तीन आठवडे, तयारी नसेल तर सरळ नको म्हणायची, कठडा धरून बसायची. तिने समुद्रात स्वतः उडी कशी मारली? तू लिहितोस कुणी ढकललं नाही. मग काय झालं होडीत? एवढं तरी खरं सांग.

ताई

२१ जून

प्रिय आत्या,

मी हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. पत्ता दादाने लिहून दिलाय. तुझं पत्र बाबांच्या दुकानात चष्म्यांच्या खणात होतं ते दादाने वाचलं आणि मला सांगितलं की तू मी उडी कशी मारली ते विचारलंयस. बाबांनी तुला उत्तर पाठवलं नाही म्हणून मी पाठवतेय.

मी बरी आहे. मला खोकला येत नाही. आजी मला आता केस धुताना पण रागावत नाही. आजोबा माझा हात धरून बसतात आणि सोडतच नाहीत, मला खेळायला जायचं असलं तरी.

होडीत मी आधी नकोच म्हटलं होतं. मी बाबांना सांगितलं की माझं एकच झालंय, दोन राहिलेत, पुढच्या सुट्टीत आहेत. बाबा म्हणाले नाही, तुझं सगळं झालंय. मी म्हटलं नाही झालं, आत्याला विचारा. मग बाबांनी पिशवीतून एक झेरॉक्सचा कागद काढला आणि मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की हिला खोल पाण्यात नळीने श्वास घेता येतो. मी म्हटलं हे आत्याने नाही लिहिलं. मग त्यांनी मला तुझी सही दाखवली. तुझी सही मला ओळखता येते, तलावातल्या वहीत असते तीच होती.

मग मी घाबरले नाही. मला वाटलं तू माझं कधीतरी मोजलं असशील, मी खेळत होते तेव्हा, आणि मला सांगायचं राहिलं असेल. कारण तू कुणाचंच उगाच लिहीत नाहीस. तलावावरच्या त्या जाड्या मुलाचे बाबा तुझ्यावर किती ओरडले होते तरी तू नव्हतं लिहिलंस. म्हणून मी जाकीट काढू दिलं आणि उडी मारली.

आत्या, मी गुणगुणत पण होते. सगळं तू सांगितलं तसंच करत होते. तू लिहिलं होतंस मला येतं, मग मला का नाही आलं? मी काय चुकले ते मला लिहून पाठव. मी कुणाला सांगणार नाही.

तुझी,
भिंगरी